मोठा स्काउट-गाइड जिल्हा विभागायचा कसा? गोव्यातल्या कार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्यात स्काउट-गाइडचा जिल्हा विभागायचा विषय निघाला की बैठकीत पहिला आक्षेप ठरलेला: "सरकारचे जिल्हे एवढेच, मग आपले जास्त कसे?" त्याचं उत्तर सोपं आहे. चळवळीतला जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये केंद्रीय विद्यालय संघटन, नवोदय विद्यालय समिती आणि रेल्वे यांची कामकाजासाठी वेगळी 'राज्यं' आहेत, आणि ती महसुली नकाशावर शोधून सापडणार नाहीत. शेजारच्या उत्तर कन्नडात कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने घाटाखाली कारवार आणि घाटावर शिर्सी असे दोन शैक्षणिक जिल्हे केले. महसुली जिल्हा मात्र एकच राहिला. आपल्याकडेही शिक्षण खात्याचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग आहेतच. तेव्हा नकाशावर रेघ मारता येईल का, ही चिंता बाजूला ठेवा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पथकांपर्यंत पोचणारी माणसं आहेत का, हे आधी बघायचं.

जिल्हा खरंच मोठा झालाय का?

पथकं किती यावरून हे ठरत नाही. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल म्हणत की आपल्याला स्वतःला सोळा मुलांकडेच नीट लक्ष देता येतं, एकेकाचा स्वभाव ओळखून त्याला घडवता येतं. बाकीचे लोक आपल्या दुप्पट कर्तबगार असतील असं धरून त्यांनी पथकाची मर्यादा ३२ सुचवली. हिशेब मिस्कील आहे, पण त्यातली मर्यादा लक्ष देणाऱ्या माणसाच्या कुवतीवरून आलेली आहे, मुलांच्या गर्दीवरून नव्हे. जिल्ह्यालाही हीच फूटपट्टी लावा.

जिल्हा आयुक्त हे मानद पद. त्यावर सहसा एखाद्या हायस्कूलचे मुख्याध्यापक असतात, नाहीतर निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे भेटी देण्यासाठी असतात ते शनिवार. वर्षाचे ५२ शनिवार मांडा आणि त्यातून परीक्षा, चवथीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना, स्नेहसंमेलनं आणि निवडणुकीची ड्युटी काढा. वीस उरले तरी पुष्कळ झालं. एका सकाळी दोन पथकं होतात, त्याहून जास्त नाही, कारण भेट म्हणजे वहीवर सही करून चहा घेणं नव्हे. पथकाचा मेळावा पूर्ण बघायचा, संघनायकांशी, म्हणजे पथकातल्या छोट्या गटांच्या म्होरक्या मुलांशी, बोलायचं, स्काउट मास्तरांची अडचण ऐकायची आणि मुख्याध्यापकांना भेटून निघायचं. याप्रमाणे एका माणसाच्या वर्षाला ४० भेटी होतात. प्रत्येक पथकाकडे वर्षातून दोनदा जायचं ठरवलं तर एका माणसाच्या वाट्याला २० पथकं. सोबत तीन सहायक आयुक्त असतील आणि तिघेही फिरत असतील, तर चौघांत ८०. हा आकडा उदाहरणाचा आहे. तुमच्या लोकांचे शनिवार तुम्हीच मोजा. ज्यांचं नाव फक्त लेटरहेडवर आहे, त्यांना या बेरजेत घेऊ नका.

याशिवाय काही खुणा सहज दिसतात. परिपत्रक दूरच्या शाळेत शेवटची तारीख उलटल्यावर मिळतं. बेसिक कोर्सला, म्हणजे पथकप्रमुखांच्या पहिल्या प्रशिक्षणाला, दरवर्षी त्याच दोन तालुक्यांतले शिक्षक येतात. मडगावच्या बैठकीतून काणकोणची मंडळी बस पकडायला अर्ध्यातून उठतात, आणि नेमक्या त्यानंतर तारखा ठरतात. सगळ्यात गंभीर खूण म्हणजे तृतीय सोपानचं, म्हणजे मुलांच्या प्रगतीतल्या तिसऱ्या पायरीचं, चाचणी शिबिर पुढे ढकललं जाणं. पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार आहेत, टप्प्यांमध्ये ठराविक महिने जावे लागतात, आणि आपल्याकडे दहावी झाली की मूल हायस्कूल सोडून दुसरीकडच्या हायर सेकंडरीत जातं. आठवीतलं शिबिर नववीत गेलं की त्या मुलीचा राष्ट्रपती पुरस्कार जवळपास हातचा गेलाच. पुरस्कारांच्या यादीत एखादा तालुका वर्षानुवर्षं कोरा दिसत असेल तर तिथल्या मुलांना बोल लावू नका, जिल्ह्याचं कॅलेंडर काढून बघा.

विभागण्याआधी हे करून बघा

नुसती कागदपत्रं तुंबली असतील तर विभागणीने काही साधणार नाही; मानधनावर अर्धवेळ माणूस ठेवा, काम होईल. एकच कोपरा दुर्लक्षित असेल तर तिथे लोकल असोसिएशन, म्हणजे जिल्ह्याखालची स्थानिक शाखा, उभी करा, एक सहायक आयुक्त त्याच गावातला नेमा आणि चाचण्यांचे अधिकार नियमात बसतील तेवढे तिकडे द्या. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच दोन-तीन वर्षांत फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट थोडी कडू आहे. विभागणीचं खरं कारण दोन गटांतली खुर्चीची ओढाताण असेल, तर ती ओढाताण आधी मिटवा. नाहीतर दोन जिल्हे होतील, आणि दोन्हीकडे अर्धी समिती दुसऱ्या अर्ध्या समितीशी बोलणार नाही.

विभागणी करायची ती एकाच स्थितीत: दूरच्या भागात पथकं आहेत, ती चालवणारी जाणती माणसंही आहेत, आणि तरी केंद्र लांब असल्यामुळे त्यांचं काम अडतंय.

पथकांची खरी यादी करा

कार्यालयातली नोंदणी यादी घ्या आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पथकासाठी एक ओळ करून त्यात ही माहिती भरा: शाळेचं नाव आणि गाव, कब, बुलबुल, स्काउट, गाइड, रोव्हर की रेंजर, मागच्या तीन वर्षांत नोंदवलेली मुलं, पथकप्रमुखाचं प्रशिक्षण कुठवर झालंय, म्हणजे बेसिक, ॲडव्हान्स की हिमालय वुड बॅज, निवृत्तीचं वर्ष, शेवटचा मेळावा खरोखर कधी भरला, आणि जवळचं बसचं ठिकाण.

शेवटच्या मेळाव्याचा रकाना फोनवर भरू नका. फोनवर विचारलं की प्रत्येक शाळेचा मेळावा गेल्याच आठवड्यात झालेला असतो. तालुक्यातल्या एखाद्या अनुभवी गाइडरला (गाइड पथक चालवणाऱ्या बाईंना) सोबत घेऊन शाळेत जा आणि संघनायकाला त्याच्या संघाची आरोळी द्यायला सांगा. पथक चालू असेल तर पोरगा लाजेल, पण आरोळी देईल. पथक कागदावर असेल तर तो मास्तरांच्या तोंडाकडे बघेल.

केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं या यादीत घेऊ नका. वास्को, फोंडा, बांबोळीच्या केंद्रीय विद्यालयांतली किंवा वाळपई आणि काणकोणच्या नवोदयमधली मुलं संचलनात तुमच्या शेजारी उभी राहतात, पण त्यांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या 'राज्यात' होते. ती आपल्यात धरली की तालुक्याची ताकद फुगलेली दिसते आणि पुढचं गणित चुकतं.

यादी झाली की दोन बेरजा करा, सगळ्या पथकांची एक आणि चालू पथकांची दुसरी. इथून पुढे फक्त दुसरी वापरायची.

रेघ मारताना बसचा नकाशा घ्या

हिशेबासाठी पूर्वीच्या दक्षिण गोव्याएवढा एक स्काउट जिल्हा धरू: सासष्टी, मुरगाव, फोंडा, धारबांदोडा, केपे, सांगे आणि काणकोण. कागदावर सात तालुके सुटसुटीत दिसतात. जमिनीवर चित्र वेगळं आहे. काणकोण आणि मडगाव यांच्यामध्ये करमल घाट आहे. पावसात एखादा ट्रक आडवा झाला की काणकोणच्या चावडीहून निघालेला शिक्षक बैठक सुटता सुटता पोचतो. नेत्रावळीच्या शाळेसाठी मडगाव म्हणजे अख्खा दिवस. धारबांदोड्याचं येणंजाणं अनमोड घाटातून मोले, उसगाव-तिस्कमार्गे फोंड्याकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, म्हणून तिथला शिक्षक खरेदीलाही फोंड्यालाच उतरतो. कुडचडे आणि सावर्डे ही नावापुरती दोन गावं; पुलाच्या दोन्ही टोकांचा बाजार एकच आहे. वास्कोवाल्यांना नवा झुआरी पूल झाल्यापासून पणजीही जवळ वाटू लागली आहे.

म्हणून प्रत्येक चालू पथकासाठी एकच प्रश्न विचारा: तिथला पथकप्रमुख शनिवारी दुपारी साडेबाराला शाळेतून निघाला, तीनच्या बैठकीला बसला, तर दिवेलागणीपर्यंत कदंबने किंवा खाजगी बसने घरी पोचतो का? ज्या गावात बैठक घेतली तर जास्तीत जास्त लोकांचं उत्तर 'हो' येतं, ते जिल्ह्याचं केंद्र. त्या केंद्राच्या आवाक्यातला भाग म्हणजे तुमचा जिल्हा. रेघ आपोआप उमटते. स्वतःची गाडी असलेल्यांवरून आवाका मोजू नका. बैठकीतून अर्ध्यातून उठणारे कायम बसने येणारेच असतात, आणि गाइडर बाईंमध्ये असे लोक जास्त आहेत.

ही रीत लावली की दक्षिणेत दोन आराखडे समोर येतात.

पहिला महसुली वळणाचा. सरकारने धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या चार तालुक्यांचा कुशावती हा तिसरा जिल्हा जाहीर केल्यापासून हा आराखडा अनेकांना तयार जेवणाच्या ताटासारखा वाटतो. फायदे आहेत: मैदानाची परवानगी, जिल्हा पातळीवरचे कार्यक्रम, अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, सगळं एका खिडकीतून होतं. तोटा बसच्या नकाशावर दिसतो. मोल्याचा शिक्षक आणि लोलयेंचा शिक्षक एका बैठकीला बसायचे तर दोघांपैकी एकाचा दिवस जाणारच.

दुसरा आराखडा बसच्या वळणाचा: सासष्टी-मुरगाव एक, फोंडा-धारबांदोडा दुसरा, केपे-सांगे-काणकोण तिसरा, आणि काणकोणला स्वतःची लोकल असोसिएशन. माझं मत या दुसऱ्याकडे झुकतं. फोंड्यात शाळा दाट आहेत, अनुभवी शिक्षक आहेत, आणि धारबांदोड्याला ओढून नेण्याची ताकद आहे. तिसऱ्याबद्दल मला धास्ती वाटते, कारण तिथे जागा मोठी आणि पथकं विरळ. तिथे माणसं पुरतात की नाही हे पुढच्या पायरीवर कळेल, आणि पुरत नसतील तर तूर्त दोनच जिल्हे करून तिसरा भाग थांबवावा.

सरकारी रेघा कायमच्या असतात या समजुतीतही राहू नका. १९८७ साली घटकराज्य झालं तेव्हा फोंडा उत्तरेत होता. २०१५ पासून तो दक्षिणेत आहे. त्या बदलाने एकाही पथकाचा शनिवार बदलला नाही.

उत्तरेत हाच हिशेब म्हापसा आणि साखळी या दोन केंद्रांभोवती फिरेल. पेडणे-बार्देश म्हापशाकडे, डिचोली-सत्तरी साखळीकडे. तिसवाडीत दिवाडी आणि चोडणच्या पथकांना फेरीबोटीची वेळ बघूनच बोलवावं लागतं, पण त्या बेटांचा कल पणजीकडेच आहे.

रेघेबाबत एक सावधगिरी, जी सहसा कोणी कागदावर आणत नाही. सासष्टी-बार्देशात चर्चशी संबंधित संस्थांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा जास्त. फोंडा, सत्तरी, पेडण्यात मराठी वळणाच्या संस्था जास्त. नुसत्या सोयीने रेघ मारली तर एका जिल्ह्यात एकाच तऱ्हेची मुलं उरतात, आणि सर्वधर्म प्रार्थनेला सगळे एकाच धर्माचे. हे टाळायला रेघ वाकडी करू नका, कारण बस वाकडी जात नाही. त्याऐवजी विभागणीच्या ठरावातच लिहा की वार्षिक मेळावा आणि किमान एक शिबिर दोन्ही जिल्ह्यांचं एकत्र होईल, आणि तंबूंमध्ये संघ मिसळून टाकले जातील. परिपत्रकं इंग्रजीबरोबर मराठीत आणि कोकणीतही काढा.

माणसं: इथे घाई केलीत तर सगळं फसतं

नव्या जिल्ह्याला किमान एवढे लोक लागतात: जिल्हा मुख्य आयुक्त, स्काउट विभागासाठी आणि गाइड विभागासाठी एकेक जिल्हा आयुक्त, सचिव, खजिनदार, दोन्ही विभागांचे संघटन आयुक्त आणि प्रशिक्षण आयुक्त. कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला पदं लिहा, उजव्या बाजूला नावं. मग तीन चाळण्या लावा.

एक, निवृत्तीचं वर्ष. गोव्यात शिक्षक साठीला निवृत्त होतो. निवृत्तीनंतर माणूस मोकळा होतो हे खरं, पण शाळेचा शिक्का, शाळेचा हॉल आणि शाळेचा शिपाई त्याच्या हातून जातात. यादीतले निम्मे लोक पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणार असतील तर त्यांच्या पाठीशी कोण आहे ते आत्ताच लिहा.

दोन, गाइड विभाग. पुरुष कार्यकर्त्यांची बैठक घेऊन "बाईंचं नंतर बघू" असं ठरवणारे जिल्हे जन्मतःच लंगडे असतात. गाइड आणि बुलबुलचं काम बायकांनीच चालवायचं असतं. नव्या भागात शिबिराला मुक्कामी येऊ शकणाऱ्या प्रशिक्षित गाइडर किती, हे आधी मोजा. त्या पुरेशा नसतील तर विभागणी वर्षभर पुढे ढकला आणि आधी त्या भागातल्या शिक्षिकांसाठी बेसिक कोर्स घ्या. तोही त्याच तालुक्यात, दिवाळीच्या सुट्टीत नव्हे. दिवाळीत घर सोडून सात दिवस राहा म्हणणाऱ्या आयोजकाने स्वतःच्या घरी फराळ कोण करतं ते बघावं.

तीन, एका माणसाला एकच पद. सचिवच खजिनदार आणि तोच प्रशिक्षण आयुक्त, असं चित्र कागदावर चालतं, पण तो आजारी पडला की जिल्हा बंद.

चाळण्या लावून दोन्ही बाजूंची यादी बघा. जुन्या जिल्ह्याची समिती भरभक्कम आणि नव्याची अर्धी रिकामी असेल तर थांबा. दुबळ्या बाजूची यादी पुरी होत नाही तोवर विभागणी करू नये. नाहीतर सगळी कर्ती माणसं केंद्रात राहतात आणि दूरच्या तालुक्यांच्या वाट्याला फक्त नवा रबरी शिक्का येतो.

मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही याच वेळी नेमून द्या. गोव्यात २००३ चा गोवा बाल कायदा आहे, देशभर २०१२ चा पोक्सो आहे. नव्या जिल्ह्यात तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव पहिल्याच परिपत्रकात असायला हवं. त्यात एक स्त्री असावीच.

बोलणी, ठराव, मंजुरी

बोलणी खालून वर न्या. आधी तालुक्यातले पथकप्रमुख, मग मुख्याध्यापक, मग भागशिक्षणाधिकारी, आणि त्यानंतरच जिल्ह्याची कार्यकारिणी. उलट्या क्रमाने गेलात तर मुख्याध्यापकाला विभागणीची बातमी वर्तमानपत्रात कळते, आणि पुढची तीन वर्षं तो शिबिरासाठी हॉल देत नाही.

मुख्याध्यापक तीन गोष्टी विचारतील. वर्गणी वाढणार का? शिक्षकाला आणखी किती दिवस सोडावं लागेल? आमच्या मुलांच्या चालू पुरस्काराचं काय? तिन्हींची उत्तरं लेखी घेऊन जा.

कार्यकारिणीत विषय मांडण्यापूर्वी चळवळीची नियमावली, जिला सगळे एपीआरओ म्हणतात, तिची ताजी आवृत्ती समोर ठेवा आणि राज्य कार्यालयाकडून जिल्हा निर्मितीची पद्धत लेखी मागवा. नंतर कार्यकारिणी, चळवळीच्या स्वतःच्या जिल्हा परिषदेची सभा आणि राज्याची कार्यकारिणी, असा प्रवास. आयुक्तांची नेमणूकपत्रं राज्याकडून येतात, पण नावं तालुक्यातून गेलेली असावीत.

ठराव लांबवू नका. नमुना असा घेता येईल:

"अमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यांमधील पथकांसाठी, सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे, १ एप्रिलपासून स्वतंत्र जिल्हा करण्याची शिफारस ही सभा राज्य असोसिएशनकडे करीत आहे. त्यापूर्वीचे एक वर्ष या भागाचे काम उपजिल्हा म्हणून चालेल. मालमत्ता, निधी व दप्तर यांची वाटणी परिशिष्टाप्रमाणे होईल. जुन्या जिल्ह्यात पूर्ण झालेल्या सर्व चाचण्या नव्या जिल्ह्यात ग्राह्य राहतील. दोन वर्षांनंतर संयुक्त आढावा घेण्यात येईल."

यादी आणि परिशिष्ट जोडल्याशिवाय हा ठराव सभेत ठेवू नका. 'तपशील नंतर ठरवू' असं म्हणून मंजूर झालेल्या ठरावाचा तपशील पुढे कधीच ठरत नाही.

वर्षभर उपजिल्हा म्हणून चालवून बघा

मला विचाराल तर ही पायरी सगळ्यात मोलाची, आणि लोक सगळ्यात आधी हीच गाळतात. मंजुरीनंतर लगेच वेगळे होऊ नका. वर्षभर नव्या भागाची चमू स्वतःच्या बैठका घेईल, भेटींचं वेळापत्रक आखेल, एक प्रशिक्षण आणि एक चाचणी शिबिर स्वतः उभं करेल. पैसा आणि शिक्का मात्र जुन्या जिल्ह्याचाच राहील. जुन्या जिल्ह्याचा एक जाणता माणूस बैठकीला हजर राहील, पण अध्यक्षस्थानी बसणार नाही आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे दुसरं कलम पाळणं जड जातं, म्हणून तो माणूस विचारपूर्वक निवडा.

वर्षाअखेर तीन आकडे काढा. ठरवलेल्या भेटींपैकी किती झाल्या? तृतीय सोपानला किती मुलं बसली, मागच्या वर्षी त्याच भागातून किती होती? आणि बैठकांना सरासरी किती पथकप्रमुख आले? भेटी निम्म्यावर राहिल्या असतील तर उपजिल्हा आणखी एक वर्ष चालू द्या. यात कमीपणा काही नाही.

तंबू, पैसे, दप्तर

बैठकीत तत्त्वावर कोणी भांडत नाही, तंबूंवर भांडतात. वाटणीआधी सगळं सामान एका कोरड्या दिवशी शाळेच्या मैदानात पसरा. आपल्या पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या कापडाला बुरशी येतेच. साठानोंदवहीत चांगले म्हणून लिहिलेले काही तंबू उघडल्यावर चाळण निघतात. दोन्ही बाजूंचे दोघे-दोघे उभे राहून मोजा, वापरण्याजोगं आणि टाकाऊ असे दोन ढीग करा, आणि टाकाऊ ढीग तिथल्या तिथे नोंद करून निकालात काढा.

तंबू, दोर, काठ्या, टोप, प्रथमोपचाराच्या पेट्या चालू पथकांच्या प्रमाणात वाटा. बँडचं साहित्य, मोठा शामियाना, ध्वनिक्षेपक वाटू नका. ते सामाईक ठेवा, एका केंद्रात, नोंदवहीवर दोन्ही सचिवांच्या सह्यांनी. अर्धा बँड कोणाच्याच कामाचा नाही.

पैशांसाठी निकष मुलांचा घ्या: मागच्या तीन वर्षांत नोंदवलेल्या मुलांची सरासरी. शाळांच्या संख्येवर वाटणी केली तर एका पथकाची छोटी शाळा आणि चार पथकांचं मोठं हायस्कूल एकाच मापाने मोजलं जातं. मुदतठेव मोडण्याची घाई करू नका. मुदत संपेल तेव्हा वाटू असं परिशिष्टात लिहा. येणी आणि देणीही वाटा. कोणाकडे शिबिराची आगाऊ रक्कम अडकली आहे, कोणत्या केटररचं बिल राहिलंय, हे ३१ मार्चच्या हिशेबात दिसायला हवं. उरलेली पावतीपुस्तकं रद्द करून लेखापरीक्षकाच्या हवाली करा. नवं बँक खातं उघडायला ठरावाची प्रत, राज्याचं अधिकारपत्र आणि सही करणाऱ्यांची ओळखपत्रं लागतील. बँकेत जानेवारीतच जाऊन या, मार्चअखेरीला तिथे तुमच्याकडे कोणी बघणार नाही.

मूळ दप्तर जुन्या जिल्ह्यात राहू द्या आणि नव्या भागातल्या पथकांच्या सगळ्या नोंदींच्या स्कॅन प्रती नव्या सचिवाला द्या. नोंदणी क्रमांक बदलणार असतील तर जुना आणि नवा क्रमांक शेजारी-शेजारी असलेला एक तक्ता दोन्हीकडे ठेवा. दहा वर्षांनी कोणी नोकरीच्या अर्जासाठी प्रमाणपत्राची खातरजमा मागायला आला की त्या तक्त्याची किंमत कळते.

अर्ध्या वाटेवरची मुलं

विभागणीच्या वर्षी तृतीय सोपान किंवा राज्य पुरस्काराच्या तयारीत असलेल्या प्रत्येक मुलाची नावनिशी यादी करा. त्यात कोणती चाचणी कधी झाली, कोणी घेतली आणि काय राहिलं ते लिहा. यादीवर दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशिक्षण आयुक्तांच्या सह्या घ्या आणि एक प्रत राज्य कार्यालयाला पाठवा. या मुलांची शिबिरं ठरल्या तारखेला, जुन्याच परीक्षकांकडून झाली तरी चालतील. नव्या जिल्ह्याचा पहिला मान म्हणून ती अडवून धरू नका.

पथकांच्या स्कार्फचे रंग आणि नावं तशीच राहू द्या. फक्त जिल्ह्याच्या नावाची पट्टी बदलेल, तीही जुनी संपेपर्यंत चालू द्या. गणवेशाचा खर्च पालक करतात, समिती नव्हे.

पहिलं वर्ष

१ एप्रिल ही तारीख सोयीची. हिशेबाचं वर्ष तेव्हा सुरू होतं, आणि २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्गही एप्रिलमध्येच भरू लागले. उद्घाटनाचा मोठा सोहळा नको. त्या पैशात एक बेसिक कोर्स होतो. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात शिक्षण संचालनालय, विभागीय कार्यालयं आणि भागशिक्षणाधिकारी यांना नव्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर असलेलं एक पानी पत्र पाठवा, नाहीतर वर्षभर सरकारी पत्रं जुन्याच पत्त्यावर जात राहतील.

पहिल्या सहा महिन्यांत नव्या आयुक्तांनी सगळ्यात दूरच्या पथकापासून भेटी सुरू कराव्यात. काणकोणात गावडोंगरी किंवा खोतीगाव, सत्तरीत म्हादईकाठची शाळा. केंद्राजवळची हायस्कुलं दिवाळीनंतर घेतली तरी चालतात. २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र घ्यावा, एकदा इकडे, एकदा तिकडे.

दोन वर्षांनी ठरावातला आढावा घ्या. एखाद्या जिल्ह्यात दोनहून अधिक महत्त्वाची पदं सहा महिने रिकामी असतील, किंवा चालू पथकं विभागणीच्या वेळेपेक्षा घटली असतील, तर तो भाग पुन्हा लोकल असोसिएशन म्हणून मोठ्या जिल्ह्याला जोडण्याची तरतूद आधीच ठरावात करून ठेवा, म्हणजे त्या वेळी कोणाची अब्रू पणाला लागणार नाही. आढाव्याच्या बैठकीची तारीखही आत्ताच टाका, शक्यतो परीक्षेआधीचा जानेवारीतला शनिवार, आणि निमंत्रण मुख्याध्यापकांनाही पाठवा.